लाल पाटीवरचं कुंकू

भाऊच्या कारखान्यात जपानहून जुनं मशीन आलं नसतं, तर मी जपानी अक्षरांच्या वाटेला कशाला गेले असते? नव्वद सालानंतरची गोष्ट. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या बादल्या काढणारा तो कारखाना. मशीनवरच्या झाडून साऱ्या पाट्या जपानीत. माझा थोरला भाऊ ते मशीन चालवायचा आणि मी बी.ए. होऊन घरात बसले होते. रद्दीच्या दुकानातून त्यानं एक बिनकव्हरचं इंग्रजी-जपानी पुस्तक आणून माझ्यापुढे टाकलं.

"नुसती बशी ऱ्हास. शिक हाई," म्हणाला.

सुरुवात फार मजेत गेली. अ-इ-उ-ए-ओ, क-कि-कु-के-को. अरे, ही तर आपलीच बाराखडी, फक्त थोडी अंगानं बारीक! मी भराभर पानं गिरवली. एक खोड मात्र जाईना. शब्द लिहून झाला की माझा हात आपोआप वरून रेघ ओढायचा. रेघेशिवाय ती अक्षरं मला सासऱ्यासमोर पदर न घेता आलेल्या सुनेसारखी वाटत. भाऊ हसायचा.

मग चित्रांची अक्षरं आली आणि माझी मस्ती उतरली. त्यातलं पहिलं शिकले ते 'हात'. वर एक तिरपी रेघ, खाली दोन आडव्या, आणि मधून उतरून डावीकडे वळणारी उभी. भाऊला ते फार आवडलं. "अशी अक्षरं आमनी देवीवर बी शेतस," म्हणाला.

त्यांची देवी म्हणजे मशीनच्या तोंडात, बादलीगणिक मिटणाऱ्या-उघडणाऱ्या साच्याला लागून ठोकलेली एक लाल पाटी. लाल रंग, वर न कळणारी अक्षरं. कुणीतरी एकदा तिला कुंकू लावलं आणि मग रीतच पडली. कामाची पाळी सुरू झाली की आधी मशीन चालू करायचं, मग आत हात घालून पाटीला बोट टेकवायचं. देवी जागी झाल्याशिवाय कुंकू कसं लावणार, असं त्यांचं म्हणणं. पुढचं सरकतं दार तारेनं बांधून उघडंच ठेवलेलं. प्रत्येक बादलीला उघडझाप करत कोण बसणार?

मी सांगितलं म्हणून एका रविवारी, मशीन बंद असताना, भाऊनं पाटी पुसली, तिच्यावर कागद धरला आणि पेन्सिल घासून छाप आणला. पहिलंच अक्षर 'हात'. मला केवढा आनंद झाला! मग मी पुढे सरकले. पुस्तकात 'आत जाण्याचं दार' अशी एक पाटी छापली होती, तिच्यातलं एक अक्षर आमच्या छापातही सापडलं. आत. शेवटच्या अक्षराचा अर्थ कळायला बरेच दिवस गेले. ज्या दुपारी कळला तेव्हा मी अख्खी ओळ एकत्र वाचली.

हात आत घालू नको.

संध्याकाळी भाऊला सांगितलं. तो कागदाकडे बघत राहिला. "तुले बराबर वाचता येस का पण?"

येतं, असं मला छातीठोक म्हणता येईना. रद्दीतल्या पुस्तकावर शिकलेली मी, मला कोण विचारतो? "कारखानामा बठ्ठा हसतीन माले," म्हणत त्यानं विषय हसण्यावारी नेला. त्या दिवसापासून तो कामावरून आला की मी आधी त्याचे हात बघायची.

खंडेनवमीला घरच्या माणसांनाही कारखान्यात बोलावलं होतं. मशीन धुऊन पुसून ठेवलेलं, लाल पाटीवर झेंडूचा भला मोठा हार. कुंकवाच्या थराखाली मला माझं अक्षर दिसलं, अर्धं बुजलेलं. नारळ फुटला, आरती झाली. शेठ म्हणाले, "मुहूर्ताला एकदा फिरवा."

भाऊनं बटण दाबलं. मशीन घरघरलं. त्यानं अनामिका कुंकवात बुडवली आणि हात पुढे केला.

"भाऊ, थांब!" मी ओरडले आणि त्याची बाही धरून मागे ओढली.

साचा मिटला. हाराचं लोंबतं टोक त्यात अडकलं, पाठोपाठ हार आत खेचला गेला. साचा उघडला तेव्हा फुलं कागदासारखी चपटी झाली होती आणि पिवळं पाणी खाली टपटपत होतं. भाऊचं बोट तसंच हवेत, कुंकू ओलं. मी मनात म्हटलं, सुटलो, आता सगळ्यांनाच दिसलं.

शेठनी हात जोडले. "देवीनं फुलं घेतली!"

मग सगळ्यांनीच हात जोडले. पेढे वाटले. मी पाटीवर काय लिहिलंय ते सांगत होते, मोठ्यानं सांगत होते. "ताई घाबरल्या," म्हणून एकीनं मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. कारखान्याला सुट्टी. संध्याकाळी भाऊ बाहेरून आला, सोनं म्हणून आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. त्याच्या अनामिकेला ताजं कुंकू होतं.

"आज कुठे गेला होतास?"

"कारखानामा. मशीन चालू करी, नवा हार टाकी उनू." त्याचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. "देवीनी फुलं लिधात, हात सोडी दिधा. आते मना हातले काही व्हत नही."

मी ओढणीनं त्याचं बोट पुसायला गेले. त्यानं चटकन हात मागे घेतला. मशीनपुढून त्यानं हात एवढ्या चपळाईनं कधीच घेतला नव्हता.