पिंजणखात्यातला कवी

आंसेल्म कार्लिये आमच्या ओब्रिकूरच्या जवसाचं सूत काढणाऱ्या गिरणीत पिंजणखात्यात होता. तिथं धूळ इतकी उडायची की शेजारचा माणूस खोकल्यावरून ओळखावा लागे. उत्तर फ्रान्समधल्या आमच्या गिरणीगावांत या खात्यातली माणसं म्हातारी होत नाहीत. आंसेल्मला कविता सुचायच्या त्या तिथंच. यंत्राच्या ठेक्यावर ओठ हलवत तो काम करायचा आणि पाळी सुटली की माझ्या कॅफेत येऊन, चिकोरीची कॉफी घेत, जे जमलं असेल ते म्हणून दाखवायचा. त्याची बायको लेओकादी सूतखात्यात होती. दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तिचे पाय सुजलेले असत. ती खुर्चीवर पाय ठेवून ऐकायची आणि म्हणायची, "दुसरी ओळ लांबली. तिथं दम लागतो." तो ती ओळ छाटायचा.

एकोणीसशे छत्तीस सालच्या संपात आमच्या लोकांनी गिरणीतच मुक्काम ठोकला. बाहेरून आम्ही बायका फाटकाच्या गजांतून पाव आणि सूप आत द्यायचो. एका संध्याकाळी आंसेल्म जवसाच्या गठ्ठ्यावर चढला आणि त्यानं मालकाच्या कुत्र्यावर कविता म्हटली. कुत्र्याला सर्दी झालीय, त्याच्यासाठी शहरातून डॉक्टर आलाय, आणि डॉक्टर पिंजणखात्यावरून जाताना नाकाला रुमाल लावतोय. लोक हसून हसून खोकले. तेव्हापासून तो 'आपला कवी' झाला. लग्नाला, बारशाला, मयताला लोक त्याच्याकडे ओळी मागायला येऊ लागले.

युनियनचा सेक्रेटरी फेर्नां त्याचा जिवलग दोस्त. तो म्हणायचा, "माझ्या सासूवर लिही हवं तर, पण आधी संपावर."

"तुझ्या सासूनं संप केला की दोन्ही एकदम लिहीन," आंसेल्म म्हणायचा.

मग जर्मन आले. काही काळानं आमच्या तरुण पोरांना गाड्यांत भरून तिकडच्या कारखान्यांत कामाला न्यायला सुरुवात झाली. त्याच सुमारास गावात एक कविता फिरू लागली. खाली सही नव्हती. बायका ती भाजीच्या टोपलीत, कांद्याच्या पातीखाली घालून घरोघर पोचवायच्या. तिची सुरुवात अशी होती:

गाडी उभी आहे, गाडीला घाई आहे,
आपल्याला नाही. इथलं धुकं अजून आपलं आहे.

माझा धाकटा भाऊ रेमी. त्याच्या नावचं बोलावणं आलं तेव्हा स्टेशनावरच्या रांगेत उभं राहून त्यानं ही कविता खणखणीत आवाजात म्हटली आणि रुळांवरून उडी टाकून पळाला. त्याच्यामागे आणखी काही पोरं पळाली. उन्हाळाभर ती शेतांवर लपून राहिली. पानगळीत कुणीतरी खबर दिली. वीटभट्टीच्या भिंतीशी उभं करून त्यांना गोळ्या घातल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात आंसेल्म कॅफेच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला. मी बटाटे सोलत होते.

"मार्सेलीन, ती कविता माझी होती."

"मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मी लिहिली नसती तर तो गाडीत बसला असता. आज कुठंतरी जिवंत असता."

मी म्हटलं, "रेमीला सकाळी उठवायला आईला तोंडावर पाणी मारावं लागायचं. तो तुझ्या दोन ओळींनी उठून पळाला, असं वाटतं तुला?"

तो हसला नाही. "तसंच वाटतं," म्हणाला.

मी त्याच्यापुढं दुसरी सुरी सरकवली. टोपली संपेपर्यंत आम्ही दोघं बटाटे सोलत बसलो.

लढाई संपल्यावर वीटभट्टीच्या भिंतीवर पोरांच्या नावांची फरशी बसवली. दर वर्षी तिथं गाव जमायचं, बँड वाजायचा, शाळेतली एखादी मुलगी ती कविता म्हणायची. आधी फेर्नां पुढं येऊन अभिमानानं सांगायचा, "कवी, कॉम्रेड आंसेल्म कार्लिये!" आंसेल्मला ते आवडत नसे. पोरांची नावं आधी घ्या, म्हणून तो भांडायचा. कम्युनिस्ट पक्षानं त्याच्या कविता छापल्या, एका सभेला पॅरिसला नेलं. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं. म्हणाला, "तिथल्या कवींचे बूट चांगले असतात."

छप्पन साली उठाव मोडायला हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले. फेर्नां माझ्या कॅफेत आला, आंसेल्मच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "चार ओळी लिहून दे. तिथं जमीनदारांची माणसं उठलीत, आपल्या लोकांचा गोंधळ उडायला नको."

"रेडिओवर तर सांगतात, त्या लोकांनी कारखाने बंद ठेवलेत. मी जन्मात संप करणारा जमीनदार पाहिला नाही."

"रेडिओ कुणाचा आहे, ते बघ."

"आणि रणगाडे कुणाचे आहेत?"

त्या रविवारी आंसेल्मनं कॅफेत सगळ्यांपुढं कविता म्हटली, पण वेगळीच. त्यात एक कामगार रणगाड्यावर बसलेल्या दुसऱ्या कामगाराला विचारतो की, खाली उतरलास तर मला तुझे हात बघता येतील, आपले घट्टे सारखेच आहेत का ते पाहू. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. लेओकादीनं नेहमीसारखं काही सुचवलंही नाही.

"हे शत्रूच्या हातात कोलीत देणं आहे," फेर्नां म्हणाला.

"मी तुमच्याच हातात दिलंय. तुमच्यासाठीच लिहिलंय."

पक्षानं त्याला काढलं. पक्षानं काढलं ते एक वेळ चाललं असतं, पण गिरणीत जेवणाच्या सुट्टीला त्याच्या बाकावर कुणी बसेना. सूतखात्यात लेओकादीच्या शेजारची बाई जागा बदलून गेली, आणि त्या दोघी एकमेकींच्या बाळंतपणात राबलेल्या. मालकांच्या बाजूच्या वर्तमानपत्राचा एक माणूस ती कविता मागायला मोटारीतून आला. आंसेल्मनं त्याला दारातूनच परतवून लावलं. "छत्तीस साली तुम्ही आम्हाला गुंड म्हणून छापलं होतं. आता कवी कसं काय म्हणता?" म्हणजे इकडचेही गेले, तिकडचेही नको.

पुढच्या वर्षी वीटभट्टीपाशी कविता झाली, पण आधी फेर्नांनं कागदावरून वाचलं, "एका अनाम कामगाराची कविता." आंसेल्म सगळ्यांच्या मागं टोपी हातात घेऊन उभा होता.

लेओकादीनं त्याला कोपरानं ढोसलं. "बोल काहीतरी."

"रेमीच्या दिवशी? नाही."

तो दर वर्षी जायचा आणि तिथंच मागं उभा राहायचा. लिहिणं मात्र थांबलं. लेओकादी म्हणायची, "लिही, मी ऐकते ना." तो म्हणायचा, "तू तर ऐकतेसच गं. बाकीच्यांसाठी सुचायचं." मग धुळीनं छाती भरली, जिना चढवेना, आणि एका हिवाळ्यात तो गेला.

देवाधर्माचं त्यानं कधी मानलं नव्हतं, म्हणून पाद्री नव्हता. पक्षानं निशाण दिलं नाही. कबरीपाशी आम्ही मोजकेच होतो. फेर्नां कब्रस्तानाच्या वळणापर्यंत आला होता, मी पाहिलं. तिथं थोडा वेळ उभा राहिला आणि माघारी फिरला. खड्डा खणणाऱ्यानं हळूच विचारलं, "कुणी बोलणार आहे का?"

"बोलणारा आतच आहे," लेओकादी म्हणाली. मग त्यानं माती लोटली.

त्या वर्षीच्या कार्यक्रमाआधी मी फेर्नांला गाठलं. म्हटलं, आता तरी नाव लाव. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, मार्सेलीन. सध्या लोकांची मनं तशी नाहीत." त्यानं पुन्हा 'अनाम' वाचलं. मुलीची कविता संपली तशी मी जागेवरूनच म्हटलं, "ही आंसेल्म कार्लियेची कविता आहे. मी रेमीची बहीण आहे, मला माहीत आहे." लोक आपापल्या बुटांकडे बघत राहिले. बँड सुरू झाला.

दुपारी फेर्नां कॅफेत आला. बिअर मागितली. "रेमी माझाही दोस्त होता," म्हणाला.

"होता. आणि आंसेल्म?"

त्यानं ग्लास अर्धा तसाच ठेवला आणि निघून गेला. पुढं तोही वारला. लेओकादी बहिणीकडे राहायला गेली, ती परत आली नाही. गिरणीला टाळं लागलं.

कार्यक्रम अजून होतो. छापील कागदावर 'अनाम'च आहे, आणि नवी मुलं ते कुठलंतरी जुनं लोकगीत समजतात. कविता संपली की मी नाव घेते. आता कुणी वळूनही बघत नाही. म्हातारीचं काहीतरी असतं, एवढंच त्यांना ठाऊक. बँडवाला तेवढा माझं बोलून होईपर्यंत थांबतो.