अण्णाच्या वायरलेसची खंडेनवमी

आमच्या कृष्णाजी अण्णाला एकच व्यसन: व्यवस्था. गॅस संपला तर काय, वीज गेली तर काय, पाहुणे न कळवता टपकले तर काय, सगळं त्याचं आधीच ठरलेलं. जन्म टेलिफोन खात्यात गेला, त्यामुळं माणूस समोर बसलेला असला तरी हा आधी "हॅलो" म्हणतो. मी त्याचा धाकटा भाऊ, मालोजी. विमानतळाची कॅब चालवतो, बेंगळुरात यशवंतपूरला त्याच्याच घरात राहतो, आणि त्याची ही व्यवस्था माझ्या डोक्यात जाते. आधीच सांगितलेलं बरं.

निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. आमच्या अण्णानं तालुका खेळवला. देवनहळ्ळीच्या पलीकडचा एक तालुका. नाव सांगत नाही, मला तिकडची भाडी लागतात. तिथल्या कचेरीला वरून हुकूम आला की पूर आला, आग लागली, तर गावोगाव निरोप कसा पोचवणार याचा आराखडा करा. कचेरीत ते कुणालाच जमेना, म्हणजे कुणालाच करायचं नव्हतं. तिथल्या मंजुनाथ साहेबांनी अण्णाला बोलावून शाल घातली. शाल अंगावर पडली की अण्णा बैलाला झूल घातल्यासारखा डुलत कामाला लागतो.

पण खरं सांगायचं तर तो शालीसाठी गेला नव्हता. अक्कासाठी गेला होता. तानूबाई, आमची थोरली बहीण. त्याच तालुक्यात तळ्याच्या बांधाखाली दोन म्हशी आणि अंगणभर मोगरा घेऊन एकटी राहते. पूर्वी तळ्याचं जादा पाणी ओढ्यानं निघून जायचं. आता ओढ्यावर घरांच्या प्लॉटांचं लेआउट झालंय, नाव 'लेक ब्लिस'. ओढा बुजवला आणि पाटीवर तळं रंगवलं! मग पाणी जाणार कुठून? अक्काच्या स्वयंपाकघरातून. मी दर पावसाळ्यात म्हणायचो, "तिला उचलून घरी आणूया." अक्का म्हणायची, "आणि म्हशी?" अण्णा म्हणायचा, "काही गरज नाही. मी व्यवस्था करतो."

केली की! गावोगाव वायरलेस सेट, जिथं सेट ते एक ठाणं. वायरलेस बंद पडला तर फोन, फोन बंद पडला तर देवळाचा भोंगा, भोंगा बिघडला तर मोटारसायकलवाला. भूकंप झाला तर, विमान पडलं तर, खुद्द कचेरी बुडाली तर, सगळं लिहून ठेवलं होतं. ठाण्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा कचेरीत भांडणं लागली. वाघ, सिंह सगळ्यांना हवे, ससा कुणालाच नको. शेवटी अण्णानं फुलांची नावं दिली. बांधाला सगळ्यात जवळ अक्का, म्हणून पहिला सेट तिच्याकडे. नाव 'मल्लिगे', म्हणजे मोगरा.

"बटण दाब, नाव सांग, बोल, मग ओव्हर म्हण," अण्णानं तिला शिकवलं. "आणि माझं उत्तर येईपर्यंत सेट सोडून हलायचं नाही. ठाणं रिकामं राहिलं की सगळा आराखडा कोसळतो."

"आणि घर कोसळलं तर?" मी विचारलं.

अण्णानं सेटची एरिअल सरळ केली. अक्का मात्र शाळेतल्या पोरीसारखी मान डोलावत होती. "सरी, बरं कृष्णा. तू उत्तर दिल्याशिवाय मी हलत नाही."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या बेंगळुरात स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा रजेवर असतो. विळीपासून लेथ मशीनपर्यंत सगळं धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. गाड्यांना तेवढी सूट. लिंबावरून चाक नेलं की पळवायला मोकळ्या. माझ्या कॅबला हार घातले, पुढं केळीचे खुंट बांधले, आणि अण्णाला घेऊन कचेरीकडे निघालो. पाऊस रात्रभर कोसळून नुकता थांबला होता.

"अण्णा, तळं तुडुंब असणार. आधी अक्काकडे जाऊ, पूजा नंतर कर."

"सेट दिलाय ना तिला," अण्णा म्हणाला.

कचेरीच्या नियंत्रण कक्षात सगळे वायरलेस सेट देवीपुढं रांगेत मांडले होते. कुंकवाचे टिळे, विभूतीचे पट्टे, वर नारळाचं पाणी. सगळे बंद. चालू यंत्राची पूजा करायची नाही, हा अण्णाचाच टेलिफोन खात्यातला शिरस्ता. स्वतःचा मोबाइलही त्यानं बंद करून त्याच रांगेत ठेवला. गावोगावच्या ठाण्यांनाही त्यानं आदल्या दिवशी कळवलं होतं की सेटची भक्तिभावानं पूजा करा. दारात कोहळा फुटला, फोटो निघाले, चुरमुरे-फुटाणे वाटले गेले. मी गाडीत बसून माझे खात होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. अक्का.

"मालोजी, कृष्णा रागावलाय का रे माझ्यावर?"

"का? काय झालं?"

"देवीची माफी मागून मी सेट उचलला. कधीची बोलतेय, हा उत्तरच देत नाही. बांधातून पाणी झिरपतंय, अंगणात आलंय. त्याला सांग ना."

हातातले चुरमुरे मी खाली टाकले. "अक्का, तू आधी बाहेर पड! पळ!"

"असं कसं? कृष्णाचं उत्तर कुठं आलंय..." आणि फोन कटला. पुन्हा लावला, लागेना.

मी तसाच आत धावलो. मंजुनाथ साहेब पेढा खात होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघा, फोन ही दुसरी पायरी. आधी वायरलेस फेल झाला पाहिजे."

"अहो, वायरलेस बंद आहे!"

"बंद म्हणजे फेल नव्हे. पूजेत आहे."

त्यांच्या तोंडावर चुरमुऱ्यांची परात मारावी असं मला वाटलं. पण आराखड्यातल्या ज्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं होतं ती अण्णाचीच होती, आणि अण्णाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पुढं झाला, देवीला हात जोडले आणि सेट उचलला. "सर, उत्तरपूजा व्हायचीय!" कुणीतरी ओरडलं. अण्णानं बटण दाबलं. "मल्लिगे, मल्लिगे, मी कृष्णा." काही नाही. दुसरा उचलला, तिसरा उचलला. बोलायच्या जाळीत कुंकवाचा चिखल, आत नारळपाणी. फारच भक्तिभावानं लावलं होतं कुणीतरी. कुणीतरी म्हणजे अण्णानंच.

मी त्याला दंडाला धरून गाडीत कोंबलं. गाव जवळच. वाटभर तो एवढंच म्हणत होता, "ती हलणार नाही रे. मीच सांगितलंय." मला त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या, पण त्या पुढच्यासाठी ठेवून मी गाडी दामटली.

गावात शिरताना मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. हार घातलेली गाडी एवढी बोंबलत आलेली बघून लोक ताटल्या घेऊन दारात आले. "प्रसाद?" "कसला प्रसाद! बांध फुटतोय, वर शाळेकडे पळा!" पळाले बिचारे. एक म्हातारी पळता पळता ताटली पुढं करून बघत होतीच.

अक्काच्या अंगणात गुडघाभर पाणी. म्हशी तिनं केव्हाच सोडून वर हाकलल्या होत्या. त्यांना आराखडा लागू नव्हता ना. ती स्वतः आत बाजेवर उभी, कपाळाला घाम, सेट तोंडाशी. "मल्लिगे बोलतेय. कृष्णा, पाणी घरात आलं. ओव्हर."

"अक्का, चल!" अण्णा दारातून ओरडला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि घाबरली. "तू इथं? मग तिकडं उत्तर कोण देणार?"

अण्णाला रडू फुटलं. गुडघाभर पाण्यात, रिकामी मूठ तोंडाशी धरून तो म्हणाला, "मल्लिगे, ऐकलं. ऐकलं गं अक्का. ठाणं सोड. ओव्हर."

तेव्हा कुठं तिनं सेट बाजेवर नीट ठेवला आणि त्याचा हात धरला. आम्ही शाळेच्या चढावर पोचतोय तोच बांध गेला. अक्काचं घर, मोगरा, बाज, सेट, सगळं आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. 'लेक ब्लिस'ला खरंखुरं तळं मिळालं.

नंतर कचेरीनं वर कळवलं की आराखडा यशस्वी झाला, पहिलं ठाणं शेवटपर्यंत कार्यरत होतं. मंजुनाथ साहेब अक्काला शाल घालायला आमच्या घरी आले. अण्णानं त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि जाताना स्वतःची शालही त्यांच्या हातात दिली. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना फुकट सोडून आलो.

अक्का आता आमच्याकडे असते. म्हशी शेजारच्या गावातल्या गोठ्यात आहेत, त्यावरून रोज कुरकुर करते. अण्णाची व्यवस्था बंद झाली असं नाही. गॅसचं, विजेचं चालूच आहे. पण अक्कानं स्वयंपाकघरातून "कृष्णा" म्हटलं की तो आंघोळीत असो, पूजेत असो, पहिल्या हाकेला ओ देतो.