काजळाचा डाग अन् मधली रेघ

"हा तुमच्या काजळाचा डाग आहे, सुमनबाई. रीडिंग खोडा," सर म्हणाले.

कोपऱ्यातल्या झोळीत चार महिन्यांची पोरगी झोपली होती. कॉलेजातलं हे काम गेलं तं नालवाडीत दुसऱ्यांचे भांडे घासाचे, दुसरं काय! तरी तोंडातून निघालंच, "खोडत नाई, सर."

माहं काम असं. परदेशच्या दुर्बिणीवर काढलेल्या काचेच्या प्लेटा जहाजानं मुंबईले अन् रेल्वे पार्सलनं वर्ध्याले येत. प्लेट लेन्सखाली ठेवाची अन् तिच्यावरची बारीक रेघ कुठं किती वाकली ते मोजाचं. ती रेघ म्हणजे लय दूरच्या ताऱ्यांच्या घोळक्यातल्या गॅसचा उजेड. घोळक्याले सर दीर्घिका म्हणत. रेघ एका अंगाले सरकली तं गॅस आपल्याकडं येऊन राह्यला, दुसऱ्या अंगाले सरकली तं दूर पळून राह्यला. मले चौथी पासले एवढं समजलं.

सरांचा लेख लिहून तयार होता. त्यात गॅस खळ्यावरच्या बैलांसारखा फिरते, मधल्या खांबाजवळचा, म्हणजे मेढीजवळचा हळू, बाहेरचा जोरात. अन् माह्या रीडिंगात मेढीजवळचाच सुसाट!

"एवढ्या वेगानं फिरणाऱ्याला धरून ठेवायला मधे केवढं वजन लागेल!" सर चिडले. "दिसतं का तिथं काही?"

"दिसत नाई जी. पण पळून तं राह्यला."

"आधी लेन्स पाहा!"

पाह्यली. लेन्सवर खरंच काजळ होतं. सकाळी पोरीले लावलं, ते बोट लागलं.

"झालं समाधान? उद्यापासून येऊ नका."

मले रडू आलं, अन् रडता रडताच राग आला. सर फडकं घेऊन पुसाले आले तं मी आडवी आली.

"पुसू नका! राहू द्या तसंच. तुम्ही बसा, पाहा. डाग लेन्सवर हाय, तो जागीच राहीन. रेघ प्लेटवर वाकली असन तं प्लेटसंगं जाईन."

सर बसले. मी प्लेट सरकवली. काजळ जागीच. वाक प्लेटसंगं गेला.

मंग लेन्स पुसली. सरांनी स्वतः मोजलं, तीनदा. आकडे माहेच.

पोरगी उठून रडाले लागली. "घ्या तिला," सर हळूच म्हणाले. लेखातली मधल्या गॅसची पानं काढून त्यांनी खणात टाकली अन् रजिस्टरात माह्या रीडिंगखाली सही केली.

"मधे काय असन जी?"

"माहीत नाही."

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

माहं काम टिकलं. आता पोरीले काजळ लावलं का आधी साबणानं हात धुवाचे, मंगच लेन्सले शिवाचं. अन् रीडिंग? ते पेन्सिलीनं नाई, शाईनंच लिहाचं.