तुटक्या बटणांची अक्का

"बटण तुटलंय का?" असं विचारत त्या दोरा दातांनी तोडायच्या आणि बाकावर सरकून जागा करायच्या. समोरच्या मुलीची सगळी बटणं शाबूत असली तरी प्रश्न हाच.

आमची शाळा कुंभकोणमातली, अनुदानित. हमालांची, विणकरांची, पितळी भांडी घासून चकचकीत करणाऱ्यांची मुलं. सात शाळांना मिळून एक समुपदेशक, आमच्या वाट्याला मंगळवार. मुलं त्यांना अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. हेडमास्तरांनी खेळाच्या सामानाची खोली दिली आणि दारावर 'मानसिक आरोग्य कक्ष' अशी ठळक पाटी ठोकली. आता तुम्हीच सांगा, सगळ्या शाळेच्या डोळ्यांदेखत त्या पाटीखालून आत कोण जाईल? दोन महिने तिकडे कुणी फिरकलं नाही.

मग अक्कांनी पाटी उतरवली आणि सुईदोरा आणला. गणवेश शिवून मिळतो म्हटल्यावर मुली येऊ लागल्या. टाका घालताना अक्का मान वर करत नसत, त्यामुळे मुलींना मोकळेपणी बोलता यायचं. पुढे पुढे तर त्या मुद्दाम बटणं तोडायला लागल्या. मी दहावीची वर्गशिक्षिका, गणिताची. मला हा निव्वळ धसमुसळेपणा वाटे. अक्कांना म्हटलं तर हसल्या. "टीचर, बटण तोडायलाही हिंमत लागते. तेवढी तरी आहे ना."

वर्गात एक फार हुशार मुलगी होती. ती तासाला बसल्या बसल्या थरथरायची. एकदा घेरी येऊन पडली. अक्कांकडे दोन मंगळवार नुसती बसली, तिसऱ्या मंगळवारी बोलली. परीक्षेचीही वाट न बघता घरचे इकडच्या रीतीप्रमाणे तिचं सख्ख्या मामाशी लग्न लावणार होते. अक्कांनी मला बाजूला घेतलं. "वर्गात तिच्यावर लक्ष ठेवा. पुढच्या मंगळवारी बालकल्याणच्या मॅडमना घेऊन येते. तोवर घरी कळता कामा नये."

रविवारी राहुकाळात मी तिरुनागेश्वरमला राहूच्या देवळात गेले. आमच्या घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, पण राहूची धास्ती दोन्हीकडे सारखीच. दुधाच्या अभिषेकाच्या रांगेत माझ्यापुढे नेमकी तिची आई. मुलीच्या पत्रिकेतला दोष जावा म्हणून आलेली. झालं, माझ्यातली शहाणी बाई जागी झाली. वाटलं, आईच ती, समजून घेईल. म्हटलं, "तिला लग्न नकोय हो. शाळेत रडते. अक्कांना सांगितलंय तिने सगळं." आईने माझा हात धरला, डोळे पुसले. "बरं झालं सांगितलंत, टीचर." मी मोठं पुण्य केल्यासारखी घरी आले.

सोमवारी पहाटेच्या बसने मुलीला पापनाशमकडे, मामाच्या गावी नेलं. मंगळवारी अक्का मॅडमना घेऊन आल्या तेव्हा तिची जागा रिकामी होती. मॅडम त्या गावीही जाऊन आल्या. मुलगी सापडली नाही.

"घरी कुणी सांगितलं असेल?" अक्कांनी विचारलं. मी म्हटलं, "मला काय माहीत."

वडिलांनी शाळेत येऊन तमाशा केला, ही बाई पोरींना फूस लावते म्हणून. हेडमास्तरांना निमित्तच हवं होतं. मुलींनी तर निकालच लावून टाकला, अक्कांनीच चुगली केली. पुढच्या मंगळवारी त्या खोलीत एकही मुलगी गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

अक्कांना आमच्या शाळेतून काढलं त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले. "अक्का, तिच्या आईला मी..."

"ठाऊक आहे. आईनेच सांगितलं मला."

"मी मुलींना खरं सांगते."

"नको. त्यांना रोज तुमच्यासमोर बसायचंय. शाळेत एक तरी माणूस विश्वासाचं राहू दे. माझं काय, मी आठवड्याची पाहुणी."

मला त्यांचा भयंकर राग आला. खरं तर स्वतःचा यायला हवा होता. आणि मी मुलींना काहीही सांगितलं नाही, हे त्यांच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या भित्रेपणामुळे.

परवा शाळा सुटल्यावर नववीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी घुटमळली. डोळे सुजलेले.

"टीचर, तुम्हाला एक सांगू? पण घरी नाही ना सांगणार? त्या अक्कांसारखं?"

मी म्हटलं, "नाही सांगणार."