वरचा टॉवेल

आमच्या नावाचं लेबल लावून पहिल्यांदा माल परदेशी निघाला, त्या दिवशी मला जेवणच गेलं नाही. आनंदानं. सोलापुरात इतकी वर्षं आम्ही दुसऱ्याच्या लेबलाचे टॉवेल विणले. घाम आमचा, नाव त्यांचं. तो माल आधी युरोपातल्या गोदामात जायचा, तिथून ब्रिटनला, आणि मध्ये कुणी खोकं उघडायचं नाही. मग ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडला, तिथल्या एका व्यापाऱ्याला थेट माल मागवायचा होता आणि आमचं नशीब फळफळलं. ही खेप सुखरूप उतरली तर आमचं लेबल राहणार, नाहीतर पुन्हा दुसऱ्यासाठी मजुरीवर विणणं आलंच.

कारखान्यात या विषयावर मत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. टेम्पोवाले चाचा म्हणाले, "अच्छाच हुआ. बीचवाला गया, अब माल सीधा जाता." शिलाईवाली म्हणाली, "पण आता दारं दोन झाली की. दोनदा तपासतील." आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "तिकडच्या लोकांनाच अजून कळंना, बरं झालं का वाईट." आम्ही तेलुगू घरातले, सासूबाईंना अत्तम्मा म्हणतो. त्या घड्या घालता घालता बोलल्या, "भाऊ वेगळा निघाला की चूल वेगळी. मग वाटीभर साखर न्यायची तरी विचारून न्यावी लागती. त्यात काय एवढं?" मला त्यांचंच पटलं.

खेप पोचली आणि बंदरावर अडकली. व्यापाऱ्याचा फोन आला. कस्टमवाल्यांनी एक खोकं उघडलं, तर कागदावर नसलेला एक टॉवेल निघाला, बिनलेबलाचा. हा कुठल्या देशातला? आणि हा असा, तर बाकीचे भारतातलेच कशावरून?

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना गोळा करून विचारलं, हा टॉवेल कुणी ठेवला?

"मीच ठिवला," अत्तम्मा म्हणाल्या. नव्या गिऱ्हाइकाला वरचा एक फुकट द्यायचा ही आमच्या घरची जुनी रीत, आणि दिलेल्या वस्तूवर आपलं नाव मिरवायचं नाही ही त्याहून जुनी. मी भडकलेच. "अहो, ते काय मंगळवार बाजार आहे का?"

"गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या, आणि पुढची घडी घातली.

मी व्यापाऱ्याला रीतीसकट सगळं खरं सांगितलं. मागावर चाललेल्या कामाचे फोटो पाठवले, तोच काठ, तेच सूत. त्यानं तिकडं समजावलं. मधले दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. माल सुटल्याचा फोन आला तेव्हा मी शिलाईवालीला धरून गिरकीच घेतली. तिची कात्री पडली, चाचा हसले, मी लाजले पण थांबले नाही. वर नवी ऑर्डरही आली, एवढंच की वरचा टॉवेल द्यायचा तर कागदावर लिहा, किंमत टाका, लेबल लावा.

"लिहून दिला तर तो वरचा कसला?" अत्तम्मा फुरंगटल्या. मी म्हटलं, मग देऊयाच नको. त्यांनी माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला.

खोकी बंद करायची वेळ आली तेव्हा त्या चष्मा लावून बसल्या आणि त्या एका टॉवेलाला स्वतःच्या हातानं लेबल शिवलं.

"किंमत काय टाकू?" मी विचारलं.

"पुरी टाक," त्या म्हणाल्या. "स्वस्त लिवलीस तर फरशी पुसतील गं त्यानं."