आमचे फादर आणि त्यांचा पोप

चर्चच्या कोयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या ताफ्यात, फिडल वाजवणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. प्रवचन चालू असताना त्याला काम नसतं आणि वरच्या माळ्यावरून खालचा सगळा गाव दिसतो! मालवणजवळच्या आमच्या वाडीत मी बरीच वर्षं तेच केलं. त्यातले फादरांचे हे किस्से. हसत सुरू करतो, पुढचं माझ्या हातात नाही.

*

फादर वसईकडचे, तरुण. मध्ययुगातल्या एका पोपवर त्यांचा भारी जीव. चर्चमधली पदं विकायची नाहीत, बिशप राजानं नेमायचे नाहीत, असं त्या पोपनं ठणकावलं. राजा भांडला, तर त्यालाच धर्माबाहेर काढलं. शेवटी राजा माफी मागायला आला आणि पोपच्या दारात बर्फात अनवाणी उभा राहिला!

प्रवचनात फादरांनी हे रंगवून सांगितलं. मागून इनास खलाशी म्हणाला, "फादर, अनवाणी ऱ्हवाची शिक्षा? मगे आमी काय गुन्हो केलो?"

*

पुढचा बाक कायतानच्या घराण्याचा. हा मासेमारीच्या दोन मचव्यांचा मालक, निम्मी वाडी त्याच्यावर जगायची. आजोबांनी देणगी देऊन बाक मिळवलेला. "देवाच्या घरात जागा विकत मिळत नाही," म्हणत फादरांनी तिथे मासे विकणाऱ्या म्हाताऱ्या रोझाबायला बसवलं. नंतर विचारलं, "कसं वाटलं?"

"बरा वाटला. पण जन्मभर कायतानाची पाठ बगून प्रार्थना केलंय. आज देव खंय आसा ताच कळाक नाय!"

*

कायतान पेटला. त्याचे खलाशी चर्चला येईनात. एका रविवारी खाली फक्त रोझाबाय आणि एक कुत्रा! फादरांनी तरी अख्खं प्रवचन दिलं. शिवाय निरोप धाडला: जाहीर माफी मागेपर्यंत कायतानला कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा प्रसाद, मिळणार नाही.

मी म्हटलं, "फादर, जरा सबुरीनं."

"पोप नमला होता का?"

*

मग एका दुपारी कायतान फादरांच्या दारात येऊन उभा राहिला. पाऊस कोसळत होता. "फादरांका भेटाचा आसा," एवढंच तो बाहेरून बोलला. मी आत फादरांबरोबर गाणी ठरवत बसलो होतो. खिडकीतून बघून फादर म्हणाले, "उभा राहू दे जरा." चेहऱ्यावर हसू होतं.

बराच वेळ गेला. तेवढ्यात रोझाबाय धावत आली आणि ओरडली, "कायताना, हयसर काय करतंस? थंय तुझी बायल जाता रे!"

फादर मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन तसेच पावसात धावले. आम्ही पोचलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

"अरे, सांगितलं का नाहीस?" फादरांनी कायतानला विचारलं.

"तुमी दार कित्याक उघडूक नाय?"

*

त्यानंतर फादरांनी पोपचं नाव काढलं नाही. कायताननं बिशपांकडे तक्रार केली आणि फादरांची बदली झाली, दोडामार्गच्या बाजूला, रानातल्या एका चर्चवर. एसटीवर ट्रंक चढवताना मी म्हटलं, "अन्याय आहे हा."

"माझा पोपही परमुलखातच मेला. त्याच राजानं हाकललं त्याला." ट्रंकेची दोरी आवळत म्हणाले, "पण त्यानं राजाला दार तरी उघडलं होतं."

*

पुढच्याच पावसाळ्यात फादर तिकडे तापानं गेले. रोझाबाय आणि मी निघालो, तर एसटीत कायतान आधीच बसलेला.

कबरीपाशी तिथल्या पाद्रींनी विचारलं, "पहिली माती घरच्यांनी घालायची. फादरांचं कोणी आलंय का?"

वसईहून कोणी पोचलं नव्हतं. फादर ज्याच्या मुलाच्या वयाचे, तो पांढऱ्या केसांचा कायतान पुढे झाला.

"आपण कोण?"

कायताननं वाकून मूठभर माती उचलली.

"मी धाकटो भाव त्यांचो."