टाकीखालची पाटी

"काकू, तुमच्या त्या प्लेटवर काही दिसलं का हो?"

प्रणालीने हे विचारलं तेव्हा तिने उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला होता. डावाही मिटलेलाच. लॅबच्या ट्यूबलाइटचासुद्धा तिला त्रास व्हायचा. दिसलं होतं. पण मी आधी उठून ट्यूब बंद केली, आणि मग सांगायला शब्द शोधत बसले.

मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी डॉक्टर. मी पुण्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली. बारावीच्या पुढे शिकले नाही. काचेची भांडी धुवायला म्हणून लागले, मग त्या भांड्यांत काय काय वाढतं ते बघायची सवय लागली, आणि आमच्या मॅडमनी शिकवलं तसं शिकत गेले. मॅडम म्हणजे कॉर्नियाच्या डॉक्टर. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो ना, तो कॉर्निया. तो गढूळ झाला की मागचा सगळा डोळा धडधाकट असून उपयोग नाही.

प्रणाली यवतमाळकडची. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. त्या दिवसांत हिंजवडीला नव्या बिल्डिंगा भराभर उठत होत्या आणि पाणी मात्र टँकरने यायचं. डोळा लाल झाला म्हणून तिने आधी दुसरीकडे दाखवलं. तिथे व्हायरसचं समजून औषध चाललं होतं. त्यांचीही चूक म्हणवत नाही, सुरुवातीला दोन्ही सारखंच दिसतं. आमच्याकडे आली तेव्हा कॉर्नियावर पांढरं कडं तयार झालं होतं आणि डोळा दिसतो त्याच्या कितीतरी पट दुखत होता.

मॅडमनी मशीनमधून बघितलं आणि एवढंच विचारलं, "लेन्स लावतेस?"

"हो."

"डबी कशाने धुतेस?"

"नळाच्या पाण्याने. सोल्यूशन लेन्ससाठी असतं ना मॅडम, डबीला कशाला?"

मॅडमनी मला प्लेट तयार ठेवायला सांगितली.

मग स्क्रेपिंग केलं. म्हणजे डोळा बधिर करून कॉर्नियावरचा कणभर भाग खरवडून घ्यायचा. तो मी प्लेटवर ठेवते. नेहमीच्या प्लेटमध्ये जंतूंना खायला घातलेलं असतं. ही प्लेट उपाशी. त्यावर फक्त बॅक्टेरियाचा पातळ थर पसरायचा. खरवडलेल्यात अमीबा असला तर तो त्या थरात चरत जातो, आणि त्याच्या मागे वाट पडते. दुधावरच्या सायीतून बोट फिरवावं तशी. मायक्रोस्कोपखाली तशा वाटा दिसल्या. एक नाही, जाळंच.

"दिसलं गं," मी म्हटलं. "अमीबा आहे. पाण्यातला."

"म्हणजे बरं होईल?"

"आता औषध तरी बरोबर सुरू होईल."

हे खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. त्या औषधाची तयार बाटली दुकानात मिळत नसे. पोहण्याच्या तलावात जंतू मारायला जे रसायन घालतात, तेच शुद्ध स्वरूपात मागवून, अगदी पातळ करून आमच्या फार्मसीत थेंब बनवायचे. दर तासाला घालायचे, रात्रीसुद्धा. पण अमीबा फार चिवट. त्रास व्हायला लागला की तो स्वतःभोवती दुहेरी कवच करून घेतो, त्याला सिस्ट म्हणतात. आणि आत वाट बघत राहतो. प्रणालीने एक थेंब चुकवला नाही. सुट्टी संपली, बिनपगारी सुट्टी संपली, तिच्या टीम लीडरचे फोन बंद झाले. डोळा शेवटी शांत झाला, पण पांढरा होऊन. टॉर्च मारला की उजेड कळायचा. बोटं दिसायची नाहीत. नवीन कॉर्निया बसवायची चर्चा झाली, पण मॅडम म्हणाल्या, "आत एखादा सिस्ट राहिला असला तर नवाही खाईल. थांबू या." ते थांबणं मग थांबणंच राहिलं.

त्या दिवसांत एकदा प्रणाली मला म्हणाली, "माझं झालं ते झालं, काकू. माझ्या खोलीत अजून दोघी लेन्स लावतात. बाकी खोल्यांत किती असतील कुणास ठाऊक. आणखी कुणाचा डोळा असा व्हायला नको. एवढं बघा."

एवढंच तिने मागितलं. आम्ही हो म्हणालो.

मॅडमचा एक छोटा प्रोजेक्ट चालू होता. लेन्सवाले पेशंट जिथून येतात तिथलं पाणी तपासायचं. पाण्यातले जंतू बघायचे मी, आणि केमिस्ट्री बघायचे दातारसर. कॉलेजातून रिटायर झालेले, तोंड तिखट. आम्ही दोघं हिंजवडीला प्रणालीच्या हॉस्टेलवर गेलो. रिक्षात सर म्हणाले, "इथे कॉम्प्युटर अमेरिकेशी बोलतात आणि नळ कोणाशीच बोलत नाही."

हॉस्टेलचे मालक अण्णा, गावातलेच. जमीन गेली तिथे कंपनी आली, उरली तिथे त्यांनी हॉस्टेल बांधलं. माणूस चांगला. पोरी रात्रीच्या बसने येईपर्यंत गेटवर खुर्ची टाकून बसायचा.

"आमी बी हेच पानी पितो ताई," अण्णा म्हणाले. "आमाला काय न्हाई झालं."

"पिऊन काही होत नाही," मी म्हटलं. "लेन्समधून डोळ्यात गेलं की होतं."

टाकीच्या पाण्यातही माझ्या प्लेटवर वाटा उमटल्या, तेव्हा अण्णांनी टाकी घासून घेतली, टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर घातली. मग सरांनी ओटी टेस्ट केली. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचा थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. अण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"पिवळं हाय की, सर! मिटलं!"

"बॅक्टेरियाचं मिटलं," सर म्हणाले. "अमीबाचं नाही. तो दार लावून आत झोपलाय. तुमचं क्लोरीन दार वाजवून परत जातं."

मी तेही पाणी बाटलीत घेतलं. लॅबमध्ये प्लेटवर घातलं, आणि पुन्हा वाटा उमटल्या. सरांचं बरोबर होतं, माझंही. पाणी प्यायला चांगलं होतं आणि डोळ्याला वाईट होतं. ही गोष्ट समजवायला सगळ्यात अवघड. लोकांना पाणी एकतर चांगलं हवं असतं नाहीतर वाईट.

म्हणून पाटी. टाकीखालच्या भिंतीवर, पोरी पाणी भरतात तिथे. मजकूर सरांनी केला:

"टाकीत औषध टाकलेले आहे. पाणी वापरण्यास योग्य आहे. लेन्स व लेन्सची डबी या पाण्याने धुवू नये. या हॉस्टेलमधील एका मुलीचा डोळा गेला आहे. आपला घालवू नये."

अण्णा म्हणाले, "सर, जरा कडक झालं."

"गोड लिहिलं की पुण्यात कोणी वाचत नाही."

अण्णांनी ऑइलपेंटने स्वतः भिंतीवर रंगवली. मी प्रणालीला फोनवर वाचून दाखवली. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "शेवटचं मस्तंय, काकू."

पुढे तिची आई तिला न्यायला आली आणि ती यवतमाळला गेली. तिची कॉट रिकामी झाली. हॉस्टेलमध्ये कॉट फार दिवस रिकामी राहत नाही.

नंतर एका सकाळी ओपीडीतून स्लाइड आणायला गेले, तर मॅडमसमोर एक मुलगी. डोळ्यावर तळहात. बसायची तीच पद्धत.

"डबी कशाने धुतेस?" मॅडम विचारत होत्या.

"पाण्यानेच. पण आमच्या हॉस्टेलचं पाणी चांगलं आहे, मॅडम. औषध टाकलेलं असतं. भिंतीवर लिहिलंय तसं."

"भिंतीवर अजून काय लिहिलंय?" मी मध्येच विचारलं.

"अजून? काहीच नाही."

मी हिंजवडीला गेले. पाटी जागेवर होती. पहिली दोन वाक्यं तशीच, आणि त्याखाली भिंतीच्या रंगाचा एक स्वच्छ चौकोन. अण्णा गेटवरून उठून आले आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"ती यवतमाळची माय आल्ती, ताई. पाटीम्होरं बसून रडली. म्हनली, भाऊ, माह्या पोरीच्या डोळ्याचं असं भिंतीवर नका लिहू जी. लेन्स म्याच लावायला लावली तिला. चष्म्यानं स्थळं वापस जात होती. आता गावात, डोळ्यात धूळ गेली म्हनून सांगून राहिली मी. हितं येनारं-जानारं कुनी वाचलं, तर पोरीचं कसं व्हईल? आता तुमीच सांगा, ताई. त्या बाईला म्या काय म्हननार? म्या तिच्या म्होरंच पुसलं."

"मग वरचं का ठेवलंत?"

"वरचं चांगलं व्हतं की."

रागवायला कोणी सापडेना. अण्णांनी एका आईचं ऐकलं. आईने लेकीचं बघितलं. दातारसरांचं पाणी पिवळं होतं, माझ्या वाटा खऱ्या होत्या, मॅडमचं निदान अचूक होतं. आणि त्या मुलीच्या प्लेटवर पुन्हा तेच जाळं उमटलं. तिच्याही डोळ्यात आज फक्त उजेड कळतो. ती प्रणालीच्याच कॉटवर राहत होती, हे मला अण्णांकडूनच कळलं. विचारायला नको होतं.

प्रणालीचा अजून कधीतरी फोन येतो. तिकडे एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आईने हे केलं ते तिला ठाऊक नाही. "बाकीच्या पोरी बऱ्या आहेत ना, काकू?" असं ती हटकून विचारते. मी तिला यवतमाळच्या उन्हाबद्दल विचारते.

अण्णांनी खालची वाक्यं पुन्हा रंगवली. पण माझा आता भिंतींवर विश्वास नाही. लेन्सवालं कोणी भेटलं, आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत, लग्नात, बँकेच्या रांगेत, तर मी धरून बसवते आणि तोंडाने सगळं सांगते. सायीतल्या वाटांसकट. पोरं आजकाल फार सभ्य आहेत. पूर्ण ऐकून घेतात, थँक्यू काकू म्हणतात.

आणि जाता जाता सांगतात, "पण आमच्याकडे आरओ आहे."